रंगीत निगेटिव्ह, कृष्णधवल प्रत

मुळशी तालुक्यात मुळा नदीच्या खोऱ्यातील भरे आणि आसपासच्या गावांत, विशेषतः आंबेमोहर भाताची खाचरे भरलेली असताना, घेतलेल्या कृष्णधवल छायाचित्राची मोठी अडचण हिरव्या रंगाची असते. लावणी करणाऱ्या बाईचे लाल लुगडे आणि तिच्याभोवतीचा हिरवा भात डोळ्यांना एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसतात. परंतु दोन्हींची उजळता सारखी असेल, तर साध्या कृष्णधवल फिल्मवर दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात आणि बाई शेतात विरघळून जाते. कोणत्या रंगाला कोणती करडी छटा द्यायची, हा निर्णय कोणी आणि केव्हा घ्यायचा, या प्रश्नाभोवती कृष्णधवल छायाचित्रणाच्या तंत्राचा बराचसा इतिहास फिरतो. रंगीत निगेटिव्ह स्कॅन करून तिच्यावरून काळी-पांढरी प्रत काढण्याची पद्धत हे त्याच प्रश्नाचे एक उशिरा सापडलेले उत्तर आहे.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार तिच्यात होते. त्या काळी हा प्रश्न छायाचित्रकाराच्या हाती जवळजवळ नव्हताच, कारण काचेवरील कलोडियनचा थर फक्त निळ्या आणि अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देई. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उतरे आणि लाल वस्तू काळ्या दिसत. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्यानंतर भिंगापुढे रंगीत काच, म्हणजे फिल्टर, लावून निवड करता येऊ लागली. लाल फिल्टरने आकाश गडद होई आणि लाल लुगडे उजळे, तर हिरव्या फिल्टरने पाने उजळत. मात्र ही निवड बटण दाबण्यापूर्वी करावी लागे आणि एकदा केली की ती कायमची ठरे.

पुढे पुण्याच्या चित्रपटसृष्टीशी जोडलेला एक प्रयोग नेमका उलट दिशेने झाला. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (1933) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत काढण्याचा प्रयत्न झाला, पण रंग भडक उतरले आणि प्रयोग फसला. त्याच वर्षी कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिथे तिने आपली कीर्ती कृष्णधवल चित्रपटांवरच उभी केली. ‘संत तुकाराम’मधील करड्या छटांची श्रीमंती पाहता ते अपयश कंपनीच्या पथ्यावर पडले, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

रंगीत निगेटिव्ह सामान्य माणसाच्या हाती पोचायला मात्र बराच वेळ लागला. उटकमंड येथील सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स या कारखान्याची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म आणि परदेशी फिल्मवरील आयातीची बंधने यांमुळे रंग ही दीर्घकाळ चैनच होती. कोडॅकने 1972 साली सी-41 ही रंगीत निगेटिव्ह धुण्याची प्रक्रिया आणली, ती पुढे जगभर प्रमाण ठरली आणि दुकानातच रोल धुऊन कॉप्या काढून देणारी यंत्रे आल्यावर चित्र पालटले. अंधारखोलीत हाताने कृष्णधवल रोल धुणारे कारागीर कमी होत गेले, आणि गावाकडच्या लग्नाचा किंवा शाळेच्या गटाचा रोल शहरातल्या रंगीत लॅबकडेच जाऊ लागला. वृत्तपत्रांची आतली पाने मात्र अजून काळ्या शाईतच छापली जात होती. कृष्णधवल प्रतीची गरज उरली होती, पण हाताशी निगेटिव्ह रंगीत होती.

अशी निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालून साध्या कृष्णधवल कागदावर प्रत काढली, तर काय होते हे पाहण्यासारखे आहे. रंगीत निगेटिव्हमध्ये निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे तीन थर असतात. धुताना त्यांतील चांदी निघून जाते आणि तिच्या जागी अनुक्रमे पिवळ्या, किरमिजी आणि निळसर-हिरव्या रंगद्रव्यांचे सूक्ष्म ढग उरतात. शिवाय संपूर्ण निगेटिव्हवर रंगदोष दुरुस्त करणारी एक नारिंगी छटा असते. साधा कागद मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देतो आणि नारिंगी छटा नेमका तोच अडवते. म्हणून प्रकाश बराच वेळ द्यावा लागतो आणि प्रत मळकट येते. त्याहून वाईट म्हणजे कुंकू काळे, चेहरे अवाजवी गडद आणि आकाश कोरे होते. नारायण दाजींच्या काळातील काचेचा दोष शतकभरानंतर कागदाच्या वाटेने परत आला. कोडॅकने यावर पॅनाल्यूर हा सर्व रंगांना प्रतिसाद देणारा कागद काढला होता, पण तो जवळजवळ पूर्ण अंधारात हाताळावा लागे आणि पुढे त्याचे उत्पादनही थांबले.

स्कॅनरने हे कोडे सोडवले, कारण तो तिन्ही थरांची नोंद स्वतंत्रपणे ठेवतो आणि त्यांचे कोणत्या प्रमाणात मिश्रण करायचे हे नंतर ठरवता येते. लाल थराला अधिक वजन दिले, तर लुगडे उजळते आणि भात काळवंडतो. हिरव्याला दिले, तर याच्या उलट होते. फिल्टर आता बटण दाबल्यानंतर लावता येतो. फिल्म निवडण्याचे निकषही त्यामुळे बदलले. निळ्याची नोंद बहुधा सर्वांत रवाळ, म्हणजे दाणेदार, असते, तेव्हा तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. कोडॅकची एक्टार 100 (2008) बारीक रव्याची आणि गडद रंगांची असल्याने रंगांमधील अंतर मोठे मिळते. परंतु ढगाळ मुळशीत तिची कमी संवेदनशीलता आड येते आणि प्रकाश थोडा कमी पडला तरी तिच्या सावल्या बिघडतात. स्कॅनिंग डोळ्यांपुढे ठेवून 2010 मध्ये नव्याने घडवलेली पोर्ट्रा 400 अशा उजेडात अधिक सोशीक ठरते, आणि तिला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश दिला तर रवा आणखी मऊ होतो. इल्फर्डची एक्सपी-2 रंगीत रसायनांतच धुतली जाते, पण ती मुळातच कृष्णधवल असल्याने तिच्यात रंगांची निवड नंतर करता येत नाही. तिच्यासाठी फिल्टर कॅमेऱ्यावरच लावावा लागतो. चित्रपटसृष्टीनेही ही वाट चोखाळली: छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी 2001 चा ‘द मॅन हू वॉझन्ट देअर’ रंगीत निगेटिव्हवर चित्रित करून कृष्णधवल प्रतींत उतरवला.

रंगद्रव्यांचा आणखी एक गुण पावसाळी प्रदेशात विशेष उपयोगी पडतो. ती अवरक्त प्रकाश अडवत नाहीत, पण धूळ आणि ओरखडे तो अडवतात. त्यामुळे स्कॅनर डाग वेगळे ओळखून काढून टाकू शकतो. चांदीच्या निगेटिव्हवर ही युक्ती चालत नाही, कारण चांदी स्वतःच तो प्रकाश रोखते. उलट टिकाऊपणात चांदी वरचढ असते. पेटीत दमट हवेत राहिलेल्या जुन्या कौटुंबिक निगेटिव्हचे तिन्ही थर सारखे उडत नाहीत, म्हणून त्यांतून मूळचे रंग परत मिळवणे पुष्कळदा अशक्य असते. मात्र सर्वांत कमी विटलेला एक थर निवडून त्याच्यावरून काढलेल्या कृष्णधवल प्रतीत माणसे ओळखता येतात.