पंतोजींचे कित्ते, ‘नवनीत’ आणि मोडी अक्षर

जुन्या घराण्यांचीं दप्तरें सोडतांना सनदा, ताळेबंद व खासगी पत्रें एका बाजूस निघतात आणि दुसऱ्या बाजूस एक ढीग उरतो. मुळाक्षरांचे कित्ते, उजळणीचे कागद, एकच मायना दहा वेळां गिरवलेला बंद, अर्धवट उतरलेले श्लोक असा तो माल असतो. ‘किरकोळ’ असा शेरा मारून संग्राहक तो घरधन्यास परत करतो आणि पुढें तो बंबांत जातो. या ढिगाची कड घेण्यासाठीं प्रस्तुत टिपण लिहिलें आहे. दहा ते चौदा वर्षांचा मुलगा महाराष्ट्रांत वाचावयास, लिहावयास व काव्य जाणावयास कसा शिकत असे, हें कळल्यावांचून आपल्याजवळील पोथ्यांची व कागदांची परीक्षा पुरी होत नाहीं, असें आमचें मत आहे.

पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर ओनामा होई. ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनापासूनच तो शब्द आला. नंतर बाराखड्या, जोडाक्षरें, पावकी, निमकी, सवाई, दिडकी. आणि सायंकाळीं परवचा. एवढें सर्वांस ठाऊक आहे. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. आज वाचन व लेखन या एकाच विद्येच्या दोन बाजू आपण मानतों. त्या शाळेंत तसें नव्हतें. हात शिके तो मोडी, कारण पोटाची विद्या ती. पोथी असे बाळबोध अक्षरांत. तिचें वाचन घरीं, देवळांत किंवा शास्त्रीबोवांजवळ होई. आणि काव्य? तें कीर्तनांतून व पुराणांतून कानावाटे येई. हात, डोळा व कान यांच्या अशा तीन वेगळ्या शाळा होत्या. बापाचें पत्र घडाघडा वाचणारा कारकुनाचा मुलगा पोथीपुढें अडखळला, तर त्यांत नवल नव्हतें. ‘बाळबोध’ म्हणजे बाळास कळणारें. पण कारकुनी करणाऱ्या बाळाच्या हातीं तें अक्षर क्वचितच पडे, ही एक गंमतच म्हणावयाची.

पोथीचें लेखन कसें असावें याचा पाठ समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासांत दिला आहे. संग्राहकांनी तो परमार्थासाठीं वाचला नसेल तर धंद्यासाठीं तरी वाचावा. अक्षर प्रथमपासून अखेरपर्यंत एकसारखें असावें. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, म्हातारपणीं तें उपयोगीं पडत नाहीं. पानाच्या भोंवतीं जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर जाणार नाहीं. कडा झिजलेली परंतु मजकूर शाबूत असलेली पोथी ज्यानें हाताळली आहे, त्यास या शेवटच्या सूचनेचें मोल सांगावयास नको. मोडीचा धर्म याच्या उलट. प्रथम ओळभर रेघ ओढावयाची आणि लेखणी शक्य तों न उचलतां लिहीत जावयाचें. शब्द सुटे नाहींत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाहीं.

या शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणजे पत्रलेखन. कोणास कोणता मायना लिहावा हें मेस्तकांत सांगितलेलें असे व मुलें नमुने उतरून तें शिकत. संशोधकानें येथें सावध राहिलें पाहिजे. थोर नांवाचा मायना, नंतर मोघम मजकूर, तिथि नाहीं, मोर्तब नाहीं, घडीच्या खुणा नाहींत, असा कागद हातीं आला तर तें पत्र म्हणून छापण्यापूर्वीं तो एखाद्या मुलाचा कित्ता तर नाहीं ना, हा प्रश्न विचारावा. त्याचें उत्तर त्याच रुमालांतल्या ‘किरकोळ’ ढिगांत मिळण्याचा संभव अधिक. आणि तो ढीग तर आपण टाकून दिलेला असतो.

छापखाना आल्यावर या तीन शाळांची एक झाली. मोडीचे ठसे करणें अशक्य होतें असें नाहीं; केरीनें १८१० सालचा आपला मराठी कोश श्रीरामपुरास मोडी ठशांतच छापला. परंतु मुंबईकडील शालेय पुस्तकांत अखेर बाळबोधच रूढ झालें. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ त निघालें. विरामचिन्हें रूढ करण्याचें श्रेय मेजर कँडीस दिलें जातें. डोळ्यासमोर बाळबोध छाप आला तेव्हां ऱ्हस्व-दीर्घाची चूक ही शाळेंतील चूक ठरली. त्यापूर्वींच्या कारकुनास ‘अशुद्ध लिहिणारा’ म्हणणारे संपादक आजही भेटतात. जो भेद त्याच्या लिपींतच नव्हता तो न पाळल्याचा दोष त्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे.

काव्यही याच वेळीं कानाकडून डोळ्याकडे आलें. परशुराम बल्लाळ तथा परशुरामतात्या गोडबोले (१७९९–१८७४) यांनी सिद्ध केलेलें ‘नवनीत’ १८५४ सालीं प्रसिद्ध झालें. मुक्तेश्वर, वामन, श्रीधर, मोरोपंत यांचे वेंचे त्यांत आले व वरच्या इयत्तांतील मुलांच्या कित्येक पिढ्यांस मराठी काव्य म्हणजे ‘नवनीत’ असें झालें. तात्यांचे उपकार मोठे आहेत. पण जें निवडलें गेलें तें पाठ झालें, आणि जें सुटलें तें फडताळांत राहिलें. महानुभावांचें वाङ्मय तर सांकेतिक लिप्यांत बंद होतें. तें निवडणाऱ्याच्या दृष्टीस पडणेंच शक्य नव्हतें. समग्र काव्यें व बखरी छापण्यास १८७८ त ‘काव्येतिहाससंग्रह’ निघावा लागला. ‘नवनीता’नंतरच्या हस्तलिखितांबद्दल दुसरीही एक शंका धरावी. सुटे वेंचे, शब्द तोडून लिहिलेले, मध्यें स्वल्पविराम, कागद गिरणीचा: अशी वही छापील पुस्तकावरून विद्यार्थ्यानें उतरलेली असूं शकते. तिला स्वतंत्र पाठाचा मान देऊन पाठभेद टिपणें म्हणजे तात्यांनाच दोनदां मोजणें होय.

मोडी शाळेंत दुय्यम विषय म्हणून उरली आणि १९५० च्या सुमारास तीही गेली. कै. सरदेसायांनी १९३० ते १९३४ च्या दरम्यान पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, तेव्हां मोडी जाणणारीं माणसें गांवोगांव होतीं. रुमाल हजारों उरले आहेत; वाचणारे मात्र आज वर्ग भरवून तयार करावे लागतात. त्या प्रौढ विद्यार्थ्यांस थेट दरबारी पत्र देण्यापेक्षां बारा वर्षांच्या मुलानें सावकाश गिरवलेला कित्ता आधीं द्यावा, असें आम्हांस वाटतें; त्यांत अक्षराचें वळण धांवत्या लेखणीपेक्षां स्पष्ट दिसतें.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी कीं, असे कागद मूळ रुमालांतून वेगळे काढूं नयेत. काढावेच लागले तर कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या मध्यें सांपडले तें पाठीवर नव्हे, सोबतच्या चिठ्ठीवर टिपावें. कागदाची जात, शाई, बोरू कीं टाक, आणि गुरूचें वळण वर व मुलाचें खालीं असें दोन हातांचें लेखन असल्यास तेंही लिहून ठेवावें. यादींत त्यांस ‘किरकोळ’ न म्हणतां ‘कित्ता’ म्हणावें.