भाषा शिकवणाऱ्या साधनांची पारख : धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातून

भाषा शिकवण्यासाठी तयार केलेले साधन, मग ते व्याकरण असो, शब्दकोश असो वा संगणकप्रणाली, नेमके कोणासाठी केले आहे आणि त्या माणसाच्या ते कितपत उपयोगी पडते, याची पद्धतशीर तपासणी हा आज भाषाशिक्षणशास्त्राचा एक मान्य भाग आहे. १९९७ मध्ये सुरू झालेले ‘लँग्वेज लर्निंग अँड टेक्नॉलॉजी’ हे ऑनलाइन विद्वत्पत्र अशा प्रणालींची परीक्षणे छापत आले असून २००१ मध्ये कॅरोल चॅपेल यांनी या परीक्षणासाठी सहा निकष मांडले. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. पहिला अध्येत्याशी जुळणी, म्हणजे शिकणाऱ्याची पूर्वतयारी व त्याचा स्वभाव यांना साधन साजेसे असणे, आणि दुसरा अस्सलपणा, म्हणजे साधनातील भाषा व वर्गाबाहेर त्या माणसाला प्रत्यक्ष वापरावी लागणारी भाषा यांत मेळ असणे. निकषांची नावे नवी असली, तरी प्रश्न जुने आहेत. लोकांची भाषा मराठीच राहिली आणि सत्तेची भाषा मात्र बदलत गेली, अशा धाराशिव जिल्ह्यात तर ते विशेष स्पष्ट दिसतात.

मराठी शिकवणारी आरंभीची छापील साधने या मुलखाबाहेर आणि परक्यांसाठी तयार झाली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचे व्याकरण काढले आणि त्याला रोजच्या विषयांवरील संवाद जोडले, तर १८१० मध्ये त्यांचा कोश मोडी लिपीच्या खिळ्यांनी छापला गेला. पुढे जेम्स मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या व मराठी पंडितांच्या साहाय्याने १८३१ मध्ये सिद्ध केलेला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा काढलेला कोश शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी मूळाचा, हेही नोंदवत असे. या साधनांची कसोटी लागे ती अधिकाऱ्यांच्या भाषापरीक्षेत, त्यामुळे परीक्षेत उतरलेले पुस्तक चांगले ठरले आणि भाषा बोलणाऱ्या रयतेचा अभिप्राय घेण्याचा प्रसंगच आला नाही.

अशा अधिकाऱ्यांपैकी एक याच जिल्ह्यात आला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला आणि १८६० मध्ये तो परत मिळेपर्यंतच्या काळातील पहिली काही वर्षे नळदुर्गाहून त्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर यांनी पाहिला. पोरवयात हिंदुस्थानात आलेल्या टेलर यांनी येथल्या भाषा मुख्यतः स्वतःच्या मेहनतीने आत्मसात केल्या होत्या, आणि त्या ज्ञानाचा उपयोग जमीनमोजणीपासून कथालेखनापर्यंत केला. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘तारा’ ही कादंबरी तुळजापूरच्या परिसरातच सुरू होते. पुस्तकाने जे साधत नाही ते कचेरीत समोर बसलेल्या पाटील-कुलकर्ण्यांशी बोलून साधते, याचे टेलर हे चांगले उदाहरण आहे, मात्र अशी माणसे थोडीच होती.

साधनाची जाहीर, कारणे देऊन केलेली चिकित्सा मराठीत दिसते ती कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या लेखनात. दादोबा पांडुरंग यांचे १८३६ चे व्याकरण संस्कृत व इंग्रजी व्याकरणांच्या साच्यावर उभे होते. त्या व्यवस्थेची उलटतपासणी करणारे कृष्णशास्त्र्यांचे निबंध ‘शालापत्रक’ या मासिकातून येत राहिले. पण ते मासिक मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे होते आणि नळदुर्ग तोपर्यंत पुन्हा निजामी हद्दीत गेलेला होता.

निजामी राज्यात १८८० च्या दशकात दरबारी भाषा म्हणून फारसीची जागा उर्दूने घेतली. जिल्ह्याचा प्रमुख येथे ‘अव्वल तालुकदार’ म्हणवला जाई, त्याची कचेरी उर्दूत चाले, आणि गावातील कुलकर्ण्याचे दप्तर मात्र मोडी मराठीत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून धाराशिवला आले आणि पुढे त्याचे नाव उस्मानाबाद झाले. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व तेथे इंग्रजी ही अनिवार्य भाषा राहिली. म्हणजे घरात मराठी, पुस्तकात उर्दू आणि त्यावर इंग्रजी, अशी तीन भाषांची चढण धाराशिवच्या मराठी मुलासमोर उभी होती.

याच काळात उर्दूच्या साधनांची पारख करणारे देशातील एक महत्त्वाचे केंद्र मराठवाड्यातच होते, ही गोष्ट मराठी वाचकांच्या फारशी ध्यानात नसते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीस मौलवी अब्दुल हक यांनी तिचे कार्यालय औरंगाबादला आणले, १९१४ मध्ये ‘कवाइद-ए-उर्दू’ हे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक चालवले, ज्यात ग्रंथपरीक्षणांना मानाचे स्थान होते. उर्दू ही आर्यकुळातील, हिंदी मातीत वाढलेली भाषा असल्याने तिला अरबी व्याकरणाच्या साच्यात कोंबणे चुकीचे आहे, ही त्यांची भूमिका शास्त्रशुद्ध होती. तिचे कृष्णशास्त्र्यांच्या विचाराशी असलेले साम्य स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. मराठीवरील फारसीच्या प्रभावाबद्दलही त्यांनी १९३३ मध्ये पुस्तक लिहिले. तरीही ‘कवाइद’ हे उर्दूतून लिहिलेले, उर्दू येणाऱ्यासाठीचे व्याकरण होते. ज्याची उर्दू मातृभाषा नाही अशा मुलाने कोठून आरंभ करावा, हा त्याचा विषयच नव्हता. अध्येत्याशी जुळणीचा निकष लावल्यास हे साधन भाषेच्या बाबतीत उत्तम आणि धाराशिवच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत अपुरे ठरते.

त्या विद्यार्थ्याने आपला अभिप्राय परीक्षण लिहून नव्हे, तर शाळा बदलून दिला. जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ पासून मराठीतून शिकवणारी राष्ट्रीय शाळा चालत होती आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते. या शाळेचे मोल साधारणपणे स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात सांगितले जाते. शिक्षण कोणत्या भाषेतून सुरू व्हावे या वादातील एक कृती म्हणूनही तिच्याकडे पाहायला हवे.

याउलट, अधिकाऱ्यानेच स्वतः साधन घडवल्याचे उदाहरण सेतुमाधवराव पगडी यांचे आहे. १९१० मध्ये निलंग्यात जन्मलेले पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. आदिलाबादच्या आदिवासी भागात काम करताना ते गोंडी शिकले आणि त्यांनी गोंडी व कोलामीची व्याकरणे लिहिली. (निलंगा पुढे काही काळ उस्मानाबाद जिल्ह्यात होता व १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे.) सत्तेच्या भाषेकडून रयतेच्या भाषेकडे जाणारे असे साधन या इतिहासात दुर्मीळच म्हणावे लागेल.

मराठवाडा मुक्त झाल्यावर प्रश्नाची दिशा उलटली आणि मराठी शिकणारा बाहेरचा माणूस पुन्हा समोर आला. मॅक्सीन बर्नसन व जाई निंबकर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी १९७० च्या दशकात तयार केलेली पाठ्यपुस्तके, संदर्भव्याकरण आणि नंतरचा कोश यांनी परदेशी अध्येत्याला बोलल्या जाणाऱ्या मराठीचा पद्धतशीर क्रम दिला. संगणकप्रणालींचा हात मात्र मराठीपर्यंत उशिरा आणि तुटपुंजा पोहोचला. डुओलिंगोवर हिंदीचा अभ्यासक्रम २०१८ मध्ये आला, मराठीच्या वाट्याला तसे काही आले नाही, आणि जे छोटे अ‍ॅप उपलब्ध आहेत ते बहुधा पुणेरी वळणाच्या प्रमाण मराठीतील सुटी वाक्ये घोकून घेतात.

तुळजापूर येथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे १९८६ पासूनचे ग्रामीण संकुल आहे. तेथे इतर राज्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी खेड्यांत जाऊन बोलावे लागते. त्यांच्या कानावर ‘जातोय’पेक्षा ‘जायलो’, ‘करतोय’पेक्षा ‘करायलाय’ पडते. अशा अध्येत्यासाठी प्रणालीचे परीक्षण करायचे, तर शब्दसंख्या, चित्रे आणि गुणांकन यांच्या आधी तिच्यात हे रूप ओळखीपुरते तरी आहे की नाही, आणि ‘जायलो’ असे उत्तर दिल्यास ती ते चूक ठरवते की बोलीरूप म्हणून स्वीकारते, याची नोंद परीक्षकाला करावी लागेल.