नेव्हिल डिसोझा : तीन गोल आणि आपली आठवण

मंडळी, परभणीत फुटबॉलवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, त्याच्याशी आपला काय संबंध? तो संबंध एका तारखेशी आहे. १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि परभणीसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपला फुटबॉल संघ यजमान ऑस्ट्रेलियासमोर उतरला. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, आणि आघाडीला होता मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसोझा. एक आपण सोडलेल्या राज्याचे, दुसरा आपण आलो त्या राज्याचा. दोन्हीकडून आपलेच.

आधी चार वर्षं मागे जाऊ. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं होतं. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. मेलबर्नला गेला तो मात्र रहीमसाहेबांनी घडवलेला संघ होता.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिलने नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. त्यांनी बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला त्याने पुन्हा आघाडी मिळवून दिली, मध्यंतरापूर्वी पुन्हा बरोबरी. मग पन्नासाव्या मिनिटाला त्याचा तिसरा. शेवटी कृष्णस्वामी, म्हणजे किट्टू, यांनी चौथा गोल केला. ४-२. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात समोर तोच युगोस्लाव्हिया. तिथेही पहिला गोल नेव्हिलचाच! पुढे आपण ४-१ ने हरलो, बल्गेरियाने ३-० ने हरवलं आणि चौथे राहिलो. पण स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या यादीत नेव्हिल, चार गोलांसह, संयुक्त पहिला होता.

आता प्रश्न असा, की इतकं करून हा माणूस विसरला कसा गेला? अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाले. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. १९८० साली, पन्नाशीही न गाठता, तो गेला.

आम्हा चाहत्यांना वाटतं, याचं एक कारण मुंबईच्या फुटबॉलच्या घडणीत आहे. कलकत्त्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल ही घराण्यासारखी जपलेली नावं. आजोबा नातवाला खेळाडू सांगतो. नेव्हिल खेळला टाटा, कॅलटेक्स अशा कंपन्यांच्या संघांतून. अशा संघाच्या मागे नोकरी असते, मोहल्ला नसतो. संघ बंद झाला की त्याच्या गोष्टी सांगणारं कुणी उरत नाही. त्यात आपल्याकडे सगळी जागा क्रिकेटने व्यापलेली.

आमच्यापैकी बहुतेकांनी नेव्हिलला खेळताना पाहिलेलं नाही. त्याच्यावरचं आमचं प्रेम ऐकीव आहे, स्कोअरकार्ड वाचून जडलेलं आहे. ते कमी प्रतीचं आहे असं आम्ही मानत नाही. इतिहासातली बहुतेक माणसं आपण अशीच तर ओळखतो.

म्हणून एवढंच करा. घरी गेल्यावर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना विचारा, ऑलिम्पिकमध्ये आपल्याकडून तीन गोल कुणी मारले? ती मेस्सी सांगतील, रोनाल्डो सांगतील. मग तुम्ही नेव्हिल सांगा.