बेरी, चक

(१८ ऑक्टोबर १९२६ – १८ मार्च २०१७). रॉक अँड रोल संगीताचे एक आद्य अमेरिकन गायक, गीतकार व गिटारवादक. जन्म मिझूरी राज्यातील सेंट लुईस येथे. १९५२ अखेर ते पियानोवादक जॉनी जॉन्सन यांच्या वाद्यमेळात दाखल झाले. ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या सल्ल्यावरून शिकागोच्या ‘चेस’ कंपनीकडे गेले आणि १९५५ मध्ये ‘मेबेलीन’ ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. निवेदक ॲलन फ्रीड यांचे नाव तिच्यावर सहगीतकार म्हणून झळकले. गाणे आकाशवाणीवर वाजवण्याची ही किंमत होती. मोटारी, शाळा, पैशांची चणचण असे तरुणांचे रोजचे जगणे चुरचुरीत शब्दांत मांडणे हे बेरी यांचे खरे वेगळेपण. गिटारच्या सुरावटी त्याखालोखाल. बीटल्स व रोलिंग स्टोन्स यांनी त्यांची गाणी गाऊन सुरुवातीची वाट काढली. पुढे बेरी गावोगावच्या अनोळखी वादकांना घेऊन, बहुधा तालमीविनाच, कार्यक्रम करीत.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीत त्यांचे ‘जॉनी बी. गुड’ (१९५८) आहे. तिच्यावरच गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता यादीत मात्र बेरी यांचे एकच गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तेही १९७२ मधले एक चावट विनोदी गाणे. नव्वदाव्या वाढदिवशी जाहीर झालेला ‘चक’ हा संग्रह मरणोत्तर प्रसिद्ध झाला.