भिंतीवरचा इतिहास

वसईच्या खाडीतून समुद्रास मिळणारी उल्हास नदी ज्या कल्याणावरून येते, ते शहर शिवाजी महाराजांनी १६५७ साली काबीज केले. तेथील खजिन्याच्या प्रसंगावर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२४ साली ‘कल्याण खजिना’ हा मूकपट काढला. त्या काळची फीत ज्वालाग्राही नायट्रेटची असे. तो पट आज नामशेष झाला आहे. परंतु चार दिवस भिंतीवर झळकण्यासाठी छापलेले त्याचे भित्तिपत्रक मात्र उरले, आणि देशातील जुन्यात जुन्या चित्रपट-भित्तिपत्रकांत त्याची गणना होते. पुण्यास १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रफितींबरोबर अशी पत्रकेही जमविली. मौल्यवान वस्तू सर्वच जपतात. कालची जाहिरात जपणारा संग्राहक मात्र विरळा, आणि इतिहास त्याचाच ऋणी राहतो.