ऋणानुबंधाचा हिशेब : हँडेल आणि लंडन, १७८४

कलावंत आणि शहर यांच्या नात्याला आपण ‘ऋणानुबंध’ म्हणतो, पण त्या शब्दातील ऋण कोणाचे आणि ते कसे फेडायचे, हा प्रश्न सहसा विचारत नाही. १७८४ साली लंडनने जॉर्ज फ्रिडरिक हँडेल या संगीतकाराचे ऋण फेडण्यासाठी जो सोहळा केला, त्याच्याकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहण्यासारखे आहे. दिवंगत रचनाकार ‘अभिजात’ कसा ठरतो, याचे ते आरंभीच्या आणि ठळक उदाहरणांपैकी एक आहे.

निमित्त दुहेरी होते. हँडेल १७५९ साली निवर्तला, त्याला पंचवीस वर्षे झाली होती. आणि त्याच्या जन्माची शताब्दी होती. वस्तुतः त्याचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५चा. परंतु इंग्लंडमध्ये १७५२पर्यंत अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्या गणनेने फेब्रुवारी आधीच्या वर्षात पडतो. थडग्याजवळच्या स्मारकावर १६८४ कोरले गेले आणि शताब्दी एक वर्ष आधीच साजरी झाली. २६ मे रोजी, जिथे हँडेल चिरनिद्रा घेत होता त्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पहिला कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी पॅन्थिऑन या सभागृहात मैफल झाली आणि २९ मे रोजी पुन्हा ॲबेमध्ये ‘मेसाया’ सादर झाला. मागणी एवढी, की जूनमध्ये आणखी दोन दिवस वाढवावे लागले. तिकीट एक गिनीचे. चार्ल्स बर्नीने १७८५ साली या सोहळ्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात गायक-वादकांची संख्या ५२५ दिली आहे. स्वतः हँडेल ‘मेसाया’ करी तो पन्नास-साठ जणांच्या संचात! उत्पन्नाचा मोठा भाग विपन्न संगीतकारांच्या साहाय्यनिधीला गेला.

या भव्यतेमागे जे नाते होते, ते मात्र सरळ नव्हते. जर्मनीतील हाले येथे जन्मलेला आणि इटलीत नाव कमावलेला हँडेल १७१० साली लंडनला आला. पुढच्याच वर्षी ‘रिनाल्दो’ या इटालियन ऑपेराने त्याने शहर जिंकले. १७२३पासून मृत्यूपर्यंत तो ब्रुक स्ट्रीटवरील एकाच घरात राहिला. १७२७ साली ब्रिटिश प्रजाजन झाला. त्याच्या चाळीसच्या आसपास ऑपेरांपैकी बहुतेक सर्व लंडनसाठी लिहिलेले. पण १७२८ साली जॉन गेच्या ‘बेगर्स ऑपेरा’ने इटालियन ऑपेराची यथेच्छ टिंगल केली आणि त्यासाठी ‘रिनाल्दो’तीलच एका कूचगीताची चाल उचलली. (याच नाटकावरून ब्रेख्टचा ‘थ्री पेनी ऑपेरा’ आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’, अशी ही परंपरा आपल्या रंगभूमीपर्यंत येते.) १७३३ साली उमरावांनी प्रतिस्पर्धी ऑपेरा कंपनी काढली, त्या चढाओढीत दोन्ही बाजू थकल्या आणि १७३७ साली हँडेलला पक्षाघाताचा झटका आला. १७४१नंतर त्याने नवा इटालियन ऑपेरा लिहिला नाही. ‘मेसाया’चे पहिले स्वागतही लंडनने केले नाही; ते डब्लिनने, १७४२ साली केले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये पवित्र विषय नाट्यगृहात आणल्याबद्दल नाके मुरडली गेली. १७५०पासून अनाथ मुलांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी त्याचे प्रयोग होऊ लागले, तेव्हा कुठे मत पालटले.

सोहळ्यात यातले काय उरले? पहिल्या दिवशी राज्याभिषेकाचे गान, डेटिंगेनच्या विजयाप्रीत्यर्थ रचलेले ‘ते देउम’, अंत्यविधीसाठी रचलेले समूहगान. म्हणजे राजा, रण आणि मरण. ऑपेराला पॅन्थिऑनमध्ये जागा मिळाली, पण ती सुट्या गाण्यांपुरती. संपूर्ण नाट्यकृती कोणी मांडली नाही. रुबिलियाक या शिल्पकाराने हँडेलचे दोन पुतळे घडवले. १७३८चा, व्हॉक्सहॉल बागेतला हँडेल घरगुती वेशात, पायातली सपाता सैल सोडून तंतुवाद्य छेडीत बसला आहे. १७६२चा, ॲबेतला हँडेल ‘मेसाया’चे पान समोर घेऊन उभा आहे. दोन्ही एकाच माणसाचे. १७८४ने त्यांतला दुसरा निवडला.

या निवडीला काळाचा संदर्भ आहे. १७८३ साली अमेरिकेतील वसाहती ब्रिटनने अधिकृतपणे गमावल्या. सोहळा मुळात एप्रिलमध्ये व्हायचा होता, तो संसद विसर्जित होऊन निवडणुका आल्याने पुढे गेला. तिसरा जॉर्ज राजा या उत्सवाचा आश्रयदाता होता. पराभव आणि पक्षीय कलह यांनी विस्कटलेल्या सत्ताधारी वर्गाला एकत्र बसवणारे हे राजकीय विधी होते, असे विल्यम वेबर या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. ते मान्य केले, तरी संगीत केवळ निमित्त होते असे म्हणता येत नाही. १७९१च्या उत्सवात हायडनने ॲबेत बसून हँडेल ऐकला. १७९८च्या त्याच्या ‘क्रिएशन’मध्ये त्या श्रवणाचे पडसाद आहेत. उत्सवाने नवी निर्मितीही घडवली, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे एक इशारा आहे. शताब्द्या, गौरवग्रंथ, अभ्यासक्रमातील निवडक उतारे यांतून आपण लेखकाला अमर करतो, त्याच वेळी त्याला छाटतोही. नेमके काय छाटले, हे तपासायचे तर उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी लेखकाच्या कृतींची पूर्ण यादी ठेवून वाचावी लागते. हँडेलच्या बाबतीत त्या यादीतील ऑपेरांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. त्यांचे आधुनिक पुनरुज्जीवन १९२० साली ‘रोडेलिंदा’च्या प्रयोगाने सुरू झाले आणि ते लंडनमध्ये नव्हे, जर्मनीतील ग्यॉटिंगेन या विद्यापीठाच्या गावी.