पिकअप वाहनाच्या इंजिनाचे अतितापन : निदान

कूलंटचे तापमान नेहमीची 85 ते 100 अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडून वर जाते आणि खाली येत नाही, तेव्हा इंजिनाचे अतितापन झाले असे म्हणतात. गॅरेजमध्ये हीच तक्रार ‘गाडी हीट होते’ किंवा ‘रेडिएटर पाणी फेकतो’ अशा शब्दांत येते. नागपूर परिसरात कळमना बाजारात संत्री, भाजीपाला, धान्य आणणाऱ्या आणि बुटीबोरी, हिंगणा, वाडी या भागांत माल पोचवणाऱ्या पिकअपांच्या बाबतीत एप्रिल-मे महिन्यांत ती सर्रास ऐकू येते.

दोष बहुधा उन्हाला दिला जातो. हिशेब मांडला तर तो अर्धवटच खरा ठरतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. कूलंट 95 अंशांवर आणि डिसेंबरातील दुपारची हवा 28 अंशांवर असेल, तर फरक 67 अंशांचा. मे महिन्यात हवा 45 अंशांवर गेली की तो 50 वर येतो. म्हणजे कोणताही भाग न बिघडता रेडिएटरची पाव ताकद कमी झाली. धड व्यवस्थेत एवढी शिल्लक ठेवलेली असते. रेडिएटर अर्धवट तुंबलेला किंवा फॅन थकलेला असेल, तर ती शिल्लक आधीच संपलेली असते. ऊन बिघाड उघडा पाडते, निर्माण करत नाही. कापूस वाहणाऱ्या गाड्यांत हे ठळकपणे दिसते. हिवाळ्याच्या हंगामात उडालेले तंतू जाळीत, विशेषतः एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत, नमद्यासारखे बसतात आणि गाडी तापते ती चार महिन्यांनी. समोरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कोणी आत पाहत नाही. ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, बेताच्या दाबाच्या पाण्याने धुवावी लागते. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे दुमडून वाट बंदच होते.

पाना हातात घेण्याआधी चालकाला विचारायचे ते एवढेच, की गाडी नेमकी कधी तापते. सिग्नलवर किंवा माल उतरवताना उभी असता तापते आणि वेगात थंड होते, तर संशय हवेवर. फॅन बेल्ट सैल आहे का, विजेचा फॅन असल्यास रिले लागतो का, हे पाहावे. व्हिस्कस फॅन असेल तर इंजिन गरम असताना बंद करून तो हाताने फिरवावा. अडखळण न जाणवता गरगर फिरत राहिला तर त्याचा क्लच गेला. उलट, उभी असता ठीक आणि भार घेऊन वेगात किंवा चढावर तापते, तर दोष बहुधा द्रवाच्या वाहण्यात असतो : आतून क्षार धरलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, पाती झिजलेली ‘वॉटर बॉडी’ म्हणजे पाण्याचा पंप, किंवा रेस वाढवताच आत चेपणारा खालचा होज पाइप. सावनेर-सौसरमार्गे छिंदवाड्याकडे जाताना लागणारा सिल्लेवानी घाट या दोषांची चांगली परीक्षा घेतो. मात्र वजन मर्यादेत आहे ना, आणि ब्रेक धरून राहत नाहीत ना, हे तत्पूर्वी पाहावे.

थंड इंजिन सुरू करताच दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे आले, तर ज्वलनवायू पाण्यात शिरत आहे. हेड गॅस्केट गेले किंवा हेडला तडा आहे. याची रासायनिक चाचणी असते. निळा द्रव या वायूच्या संपर्काने पिवळा होतो. ती स्वस्त आहे आणि हेड उघडण्याआधी व्हायलाच हवी.

तापमानाच्या काट्यावरही आंधळा विश्वास नको. 30 मे 2024 रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंशांची नोंद केली होती. ती संवेदकाच्या दोषामुळे झाल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. गाडीतील संवेदक उलट्या दिशेनेही फसवतो. कूलंट गळून तो कोरडा पडला की इंजिन भाजत असताना काटा निम्म्यावर शांत राहतो. म्हणून इन्फ्रारेड तापमापकाने थर्मोस्टॅटच्या घराजवळचे तापमान पडताळावे. तोच तापमापक रेडिएटरवरून फिरवत गेल्यास तुंबलेल्या नळ्यांचे थंड पट्टेही सापडतात.

रेडिएटरचे झाकण हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. ते सुमारे एक बार जादा दाब धरते, त्यामुळे साधे पाणीही 120 अंशांच्या आसपास उकळते. रबर कडक होऊन दाब सुटला, तर ते शंभरलाच उकळून बाहेर फेकले जाते. याच दाबामुळे गरम इंजिनाचे झाकण उघडणारे दरवर्षी भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्याने हेड तडकते, हे वेगळेच. बोअरचे कठीण पाणी भरत राहण्याची सवय रेडिएटरला आतून चुनखडीचा लेप देते; कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे हाच योग्य उपाय.

‘आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट लागत नाही’ असे म्हणून तो काढून टाकण्याची प्रथा अजून चालू आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट शंकास्पद असेल तर भांड्यातल्या पाण्यात तापमापकासह टांगून तापवावा. बहुतेक 82 ते 88 अंशांना उघडू लागतात. न उघडणारा बदलावा. ज्या इंजिनांत हाच भाग उघडताना बगलेची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जाते आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते.

एकदा जबर तापलेल्या इंजिनात हेड वाकले आहे का, हे सपाट पट्टीने मोजल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू नये. वाकलेल्या हेडखाली ते फार दिवस टिकत नाही.